चर्चापत्र वाचणारा माणूस : निखिल पाहवा आणि नेट न्यूट्रॅलिटीचं प्रकरण

२८ डिसेंबर २०१५ च्या ‘टाइम्स ऑफ इंडिया’त एकाच विषयावर दोन लेख छापून आले. एक होता मार्क झुकरबर्ग यांचा. निवडक साइट्स डेटाचे पैसे न घेता उघडून देणारी फेसबुकची ‘फ्री बेसिक्स’ ही फुकट सेवा भारताने का स्वीकारावी हे पटवताना त्यांनी सार्वजनिक ग्रंथालय, सरकारी दवाखाना, सरकारी शाळा असे दाखले दिले होते. शिवाय महाराष्ट्रातल्या एका शेतकऱ्याची गोष्ट सांगितली होती. त्याला म्हणे फ्री बेसिक्सवर पावसाची माहिती मिळाली, बाजारभाव कळले आणि आता तो नव्या पिकांत नि जनावरांत पैसे घालतो आहे. दुसरा लेख दिल्लीच्या निखिल पाहवा यांचा. हे एका छोट्या संकेतस्थळाचे संपादक. त्यांचा प्रश्न साधा होता: फुकटच द्यायचं आहे ना, मग निवडक साइट्सच का? थोडं द्या, पण सगळं इंटरनेट द्या. दाखले त्यांच्याकडेही होते. बांगलादेशात मोझिला आणि ग्रामीणफोन जाहिरात पाहिल्याच्या बदल्यात मोकळा डेटा देत होते. भारतात एअरसेल कमी वेगाचं, पण पूर्ण इंटरनेट काही काळ फुकट देत होती. हे जमतं, तर फेसबुकला तोच मार्ग का नको?

बरोबर सहा आठवड्यांनी, ८ फेब्रुवारी २०१६ ला, ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, फ्री बेसिक्ससारख्या योजनांवर बंदी घालणारा नियम काढला. इंटरनेट पुरवणाऱ्या कंपनीने सगळ्या साइट्सना सारखंच वागवावं, या तत्त्वाला नेट न्यूट्रॅलिटी म्हणतात.

चिमुकल्या ब्लॉगरने अब्जाधीशाला लोळवलं, अशा थाटात ही गोष्ट बऱ्याचदा सांगितली जाते. मला ती तशी वाटत नाही. एक तर पाहवा एकटे नव्हते. आणि मार्च २०१५ ते फेब्रुवारी २०१६ या दहा-बारा महिन्यांच्या आधीची सात वर्षं गाळून ती सांगितली, तर बातमीदारीच्या धंद्यात येऊ पाहणाऱ्याच्या हाती त्यातून काहीच लागत नाही.

कॉलर ट्यूनचे दिवस

पाहवा आधी ‘कंटेंटसूत्र’चं संपादन करत, ‘पेडकंटेंट’ या परदेशी संकेतस्थळाची ती भारतीय शाखा. २००८ मध्ये त्यांनी स्वतःचं ‘मीडियानामा’ सुरू केलं. तंत्रज्ञानावरचं लेखन म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर नव्या फोनचं परीक्षण येतं: कॅमेरा किती मेगापिक्सेलचा, बॅटरी किती तास टिकते. मीडियानामात ते नव्हतं. तिथे दूरसंचार आणि डिजिटल माध्यमांच्या धंद्याची कोरडी खबरबात असायची. कुणी कुणाशी करार केला, परवान्याच्या अटीत काय बदललं, ट्रायने आता कशावर मतं मागवली आहेत.

२००८ साली ‘मोबाइलवरचं इंटरनेट’ ही गोष्ट भारतात जवळपास नव्हतीच. थ्रीजीचा लिलाव २०१० चा. फोनवर जे काही मिळायचं ते कंपनीच्या पोर्टलवरून किंवा शॉर्टकोडवर एसएमएस टाकून: क्रिकेटचा स्कोअर, राशिभविष्य, विनोद, रिंगटोन, कॉलर ट्यून. याला नाव होतं ‘व्हॅल्यू ॲडेड सर्व्हिस’. त्यातली व्हॅल्यू कुणाला मिळायची, हे ज्यांचा बॅलन्स न मागितलेल्या कॉलर ट्यूनपायी कापला गेला त्यांना विचारावं. तक्रारी इतक्या वाढल्या की अशी सेवा सुरू करण्याआधी ग्राहकाची दोनदा संमती घ्या, असं २०१३ मध्ये ट्रायला सांगावं लागलं.

पण ग्राहकाइतकीच गोची त्या सेवा बनवणाऱ्या छोट्या कंपन्यांची होती. मराठी भावगीतांची कॉलर ट्यून विकायची असेल, तर आधी दूरसंचार कंपनीच्या दारात उभं राहायचं. तिने पोर्टलवर जागा दिली तर धंदा, नाही तर घरी. जागा दिली तरी मिळकतीतला मोठा वाटा तिचा, आणि पैसे कधी मिळणार हेही तीच ठरवणार. आपल्याकडच्या जुन्या जकात नाक्यावर ट्रक अडवून बसलेल्या कारकुनाची सत्ता ज्यांनी पाहिली आहे, त्यांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

पाहवांनी हा नाका वर्षानुवर्षं बातमीदार म्हणून पाहिला. मग स्वस्त स्मार्टफोन आले, खरं इंटरनेट आलं आणि नाका एकदम निरुपयोगी झाला. साइट बनवायला, ॲप काढायला कुणाची परवानगी लागेना. पुढे नेट न्यूट्रॅलिटीवर बोलताना ते हाच मुद्दा पुन्हा पुन्हा मांडत राहिले: इंटरनेट वाढलं ते परवानगी लागत नाही म्हणून. हा मुद्दा त्यांनी अमेरिकेतल्या वादातून उचललेला नव्हता. तो त्यांच्या रोजच्या बातमीदारीतून आला होता, आणि म्हणूनच पुढे टिकला.

चार पैशांचा हिशेब

डिसेंबर २०१४ मध्ये एअरटेलने जाहीर केलं की इंटरनेटवरून केलेले कॉल, म्हणजे स्काइप, व्हायबर वगैरे, यापुढे डेटा पॅकमध्ये धरले जाणार नाहीत. त्यांना वेगळा दर: थ्रीजीवर दर १० केबीला ४ पैसे, टूजीवर १० पैसे. ऐकायला चार पैसे काहीच वाटत नाहीत. हिशेब करा. १ एमबीला ४ रुपये, म्हणजे १ जीबीला ४ हजारांच्या वर. तोच डेटा, तीच तार, तोच टॉवर. फक्त आत काय चाललंय हे पाहून लावलेला भाव. आरडाओरड झाली आणि काही दिवसांतच कंपनीने निर्णय मागे घेतला. ट्राय यावर चर्चापत्र, म्हणजे नियम करण्याआधी लोकांची मतं मागवणारा कागद, काढणार आहे, असं कारण दिलं.

ते चर्चापत्र २७ मार्च २०१५ ला आलं. ११८ पानं, २० प्रश्न, उत्तरं पाठवायची मुदत २४ एप्रिल. भाषा अशी की वकील आणि दूरसंचार कंपन्यांचे नियामक अधिकारी सोडले तर दुसऱ्या पानाच्या पुढे कुणी जाऊ नये. सरकारी कामात ‘हरकती व सूचना’ मागवणं म्हणजे काय, हे आपल्याला ठाऊक आहे. शहराच्या विकास आराखड्यावर हरकती मागवतात, तेव्हा आराखडा समजून हरकत घेणारे किती आणि मुदत संपल्यावर भडकणारे किती?

पाहवांचं खरं काम इथे आहे, आणि ते अगदी कंटाळवाणं आहे. त्यांनी ११८ पानं वाचली, कारण अशी पत्रं वाचणं हा सात वर्षं त्यांचा पेशाच होता. प्रश्नांच्या रचनेतच उत्तर कुठे दडवलं आहे, हे त्यांनी दाखवलं. व्हॉट्सॲप, स्काइप यांना परवाना घ्यायला लावावा का, असं विचारणाऱ्या कागदाने दूरसंचार कंपन्यांचं नुकसान होतंय हे आधीच धरून चाललेलं होतं. मग देशभरातून स्वयंसेवक जमले. तंत्रज्ञांच्या परिषदा भरवणाऱ्या बेंगळुरूच्या हॅसगीकचे किरण जोन्नलगड्डा, वकील अपार गुप्ता, रमणजीतसिंग चिमा आणि इतर अनेक. चर्चापत्राचं सार, वीसही प्रश्नांची मुद्देसूद उत्तरं, आणि ती ट्रायला ईमेलने पाठवण्याची सोय, असं सगळं ‘सेव्ह द इंटरनेट’ या नावाने एका जागी उभं राहिलं.

तेवढ्यात ६ एप्रिलला एअरटेलने ‘एअरटेल झिरो’ आणलं. ॲपवाल्या कंपनीने पैसे भरले, तर ग्राहकाला ते ॲप फुकट. म्हणजे नाका पुन्हा उभा, फक्त ट्रकवाल्याऐवजी माल पाठवणाऱ्याकडून वसुली. फ्लिपकार्ट यात जाणार अशी बातमी येताच लोकांनी तिच्या ॲपला धडाधड एक तारा द्यायला सुरुवात केली आणि १४ एप्रिलला तिने माघार घेतली. ११ एप्रिलला मुंबईच्या एआयबी या विनोदी मंडळींचा व्हिडिओ आला होता. शिव्याही होत्या त्यात, पण मुद्दा पोरासोरांना समजेल असा. महिना संपेपर्यंत ट्रायकडे १० लाखांहून अधिक ईमेल पोचले होते.

ट्रायने मग ते सगळे ईमेल, पाठवणाऱ्यांच्या पत्त्यांसकट, जसेच्या तसे प्रसिद्ध केले. दहा लाख लोकांचे पत्ते स्पॅमवाल्यांना आयते! पारदर्शकतेची हौस आणि खासगीपणाचं भान यांची आपल्या सरकारी यंत्रणांत अजून ओळखच झालेली नव्हती, असं म्हणून तो विषय इथेच सोडतो.

फुकट ते पौष्टिक

फेसबुकचं ‘इंटरनेट डॉट ऑर्ग’ भारतात आलं फेब्रुवारी २०१५ मध्ये, रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या खांद्यावर बसून. सुरुवातीच्या मोजक्या भागांत महाराष्ट्र होता, आणि भाषांत मराठीही. रिलायन्सचं सिम असेल तर तीसचाळीस साइट्स फुकट. बाकीच्यांसाठी रिचार्ज मारा. एप्रिलच्या गदारोळात क्लिअरट्रिप आणि एनडीटीव्ही त्यातून बाहेर पडले. टाइम्स समूहाने ‘महाराष्ट्र टाइम्स’ आणि ‘टाइम्सजॉब्स’ काढून घेत असल्याचं जाहीर केलं. सप्टेंबरमध्ये या दुकानाची पाटी बदलून ‘फ्री बेसिक्स’ झाली.

पाहवा आणि मंडळींना या टप्प्यावर जड गेलं, असं मला वाटतं. एअरटेलविरुद्ध बोलणं सोपं होतं. बॅलन्स कापणाऱ्या कंपनीवर कुणाचं प्रेम नसतं. पण फुकट देणाऱ्याला नाही कसं म्हणायचं? ‘फुकट ते पौष्टिक’ ही म्हण आपणच केली आहे. दिल्ली-बेंगळुरूत वायफायवर बसून खेड्यातल्या माणसाच्या फुकट इंटरनेटला विरोध करणारे तुम्ही कोण, हा प्रश्न टोचणारा होता आणि अगदीच खोटाही नव्हता. झुकरबर्ग यांच्या लेखातला महाराष्ट्रातला शेतकरी याच प्रश्नाचं चालतंबोलतं रूप होता.

पाहवांच्या बाजूचं उत्तर त्या शेतकऱ्यापासूनच सुरू करता येतं. त्याला बाजारभाव हवा आहे, ठीक. पण कुणाच्या साइटवरचा? उद्या त्याच्याच तालुक्यातल्या पोराने त्याच्याच भाषेत अधिक चांगलं ॲप काढलं, तर ते त्या फुकटच्या यादीत जाणार की नाही, हे फेसबुकच्या अटी ठरवणार. आणि यादीबाहेरचं काही जगात आहे, हे त्या शेतकऱ्याला कळणार तरी कसं?

९ डिसेंबर २०१५ ला ट्रायने नवं चर्चापत्र काढलं. या वेळी प्रश्न चारच, विषय एकच: मजकुरानुसार डेटाला वेगवेगळा दर लावता येईल का? फेसबुकने सगळी ताकद लावली. पानभर जाहिराती, रस्त्यांवर फलक, आणि फेसबुक उघडलं की एक बटण: दाबा, ट्रायला तुमचा पाठिंबा गेला.

आकडे इथे मुद्दाम देतो, कारण लोक या प्रकरणातून नेमका उलटा धडा घेतात. ट्रायला सुमारे २४ लाख प्रतिसाद आले. त्यांतले जवळपास १९ लाख फेसबुकच्या मार्गाने आलेले, फ्री बेसिक्सच्या बाजूचे. सेव्ह द इंटरनेटकडून आलेले पाच लाखांच्या आत. मोजणीवर निकाल लागायचा, तर फेसबुक जवळपास चारास एकने जिंकलं होतं. पण त्या १९ लाखांत विचारलेल्या चार प्रश्नांची उत्तरंच नव्हती. ‘डिजिटल समानतेला माझा पाठिंबा आहे’ या धाटणीचा मजकूर होता. ट्रायने फेसबुकला खरमरीत पत्र लिहून सुनावलं की विचारविनिमयाची तुम्ही बहुमताची ओबडधोबड चाचणी करून टाकली आहे.

तयार मजकूर तर एप्रिलमध्ये सेव्ह द इंटरनेटनेही दिला होता, असा आक्षेप तेव्हा घेतला गेला. आक्षेप बरोबर आहे. दहा लाखांपैकी बहुतेकांनी ११८ पानं वाचलेली नव्हती. ती वाचली होती मूठभर लोकांनी. फरक एवढाच की त्यांच्या तयार मजकुरात विचारलेल्या प्रश्नांची उत्तरं होती, आणि नियम लिहायला बसलेल्या अधिकाऱ्याला कागदावर उतरवता येईल असं काहीतरी त्यात सापडत होतं.

आर. एस. शर्मा अध्यक्ष असलेल्या ट्रायने ८ फेब्रुवारीला नियम काढला: मजकूर पाहून डेटाचा दर बदलायचा नाही. मोडला तर दिवसाला ५० हजार, जास्तीत जास्त ५० लाखांचा दंड. आपत्कालीन सेवांना तेवढी सूट. सोबतच्या टिपणात युक्तिवाद होता की इंटरनेटवर काय पाहायचं हे दूरसंचार कंपनीला ठरवू दिलं, तर ग्राहकाचा अनुभवच तिच्या ताब्यात जातो. जकात नाक्याचा तोच मुद्दा, सरकारी भाषेत. ११ फेब्रुवारीला फेसबुकने भारतातलं फ्री बेसिक्स गुंडाळलं. त्याच्या आदल्याच दिवशी कंपनीचे संचालक मार्क अँड्रीसन यांनी वसाहतवादविरोधाने भारताचं नुकसानच झालं अशा अर्थाचं ट्वीट करून माफी मागायची वेळ ओढवून घेतली होती. इतकी मदत तर स्वयंसेवकांनीही मागितली नसती.

बातमीदार की कार्यकर्ता

ज्या विषयाची बातमी द्यायची त्याच विषयावर मोहीम चालवायची, हे योग्य का? पत्रकारितेच्या वर्गात हे प्रकरण चर्चेला घेतलं तर अर्धा तास इथेच जाईल.

मराठी वाचकाला यात फार नवल वाटू नये. ‘केसरी’, ‘सुधारक’, ‘मूकनायक’ यांतलं एकही पत्र तटस्थ बातम्या देण्यासाठी निघालं नव्हतं. पण त्या पत्रांचा पक्ष पहिल्या अंकापासून उघड होता. मीडियानामाचं तसं नव्हतं. ते धंद्याची खबर देणारं पत्र म्हणून वाढलं होतं, आणि त्याच्या वाचकांत दूरसंचार कंपन्यांतले लोकही होते. पाहवांनी मोहिमेतला आपला सहभाग बातम्यांखाली उघड नोंदवायला सुरुवात केली. ते आवश्यकच होतं. पुरेसं होतं का, याबद्दल माझं मत डळमळीत आहे. एप्रिल २०१५ नंतर एअरटेलविषयीची मीडियानामातली बातमी मी आधीइतक्या निर्धास्तपणे वाचू शकलो नाही. आधी तळाची नोंद पाहायचो, मग बातमी. मात्र त्यांनी गप्प राहून निव्वळ वार्तांकन केलं असतं, तर त्या ११८ पानांचा अर्थ कुणी लावला असता, याचंही उत्तर माझ्याकडे नाही.

२०१६ मध्ये या मंडळींनी ‘इंटरनेट फ्रीडम फाउंडेशन’ काढलं आणि पाहवा त्याच्या सहसंस्थापकांत होते. मोहीम आणि बातमी यांना निदान दोन वेगळी छपरं मिळाली.

नंतरचं

५ सप्टेंबर २०१६ ला जिओ आलं. काही महिने सगळंच फुकट, नंतर मातीमोल भावात. खेड्यातल्या माणसाला इंटरनेट कसं मिळणार, या प्रश्नावर वर्षभर जे रण माजलं होतं, ते एका कंपनीच्या दरपत्रकाने निकालात काढलं. हे मोहिमेचं श्रेय नव्हे. ‘सगळं इंटरनेट द्या’ हे म्हणणं शक्यतेतलं होतं एवढं त्याने दाखवलं, पण ते शक्य झालं ते अफाट भांडवल आणि बाजार काबीज करण्याच्या ईर्ष्येतून. एप्रिल २०२० मध्ये फेसबुकने त्याच जिओ प्लॅटफॉर्म्सचा ९.९९ टक्के वाटा ४३,५७४ कोटी रुपयांना घेतला. पुढच्या दाराने आत घेतलं नाही, म्हणून त्यांनी इमारतीतच भागीदारी विकत घेतली. नेट न्यूट्रॅलिटीचा नियम यात काही करू शकत नव्हता. तो त्यासाठी नव्हताच.

८ फेब्रुवारीचा नियम फक्त दरांपुरता होता. एखादी साइट मुद्दाम संथ करणं, अडवणं याबद्दलच्या शिफारशी ट्रायने नोव्हेंबर २०१७ मध्ये केल्या, सरकारने जुलै २०१८ मध्ये त्या मान्य केल्या आणि मग परवान्यांत त्याप्रमाणे बदल झाले. या टप्प्याला ना व्हिडिओ होता ना लाखो ईमेल. उरले होते ते चर्चापत्र वाचणारे.

पाहवांच्या लेखनाचा परीघ या काळात सरकत गेला: आधार, एन्क्रिप्शन, खासगीपणाचा हक्क, समाजमाध्यमांवरचे २०२१ चे नियम, डेटा संरक्षणाचा २०२३ चा कायदा. मीडियानामाही धंद्याच्या खबरांकडून धोरणाच्या बारकाव्यांकडे वळलं; चर्चासत्रं भरवू लागलं, जिथे कंपन्यांचे धोरण अधिकारी, वकील आणि कार्यकर्ते एका टेबलाशी बसतात. दूरचित्रवाणीवर या विषयाला दोन मिनिटं मिळाली की त्यांना बोलावणं येतं. यात एक धोका आहे. प्रत्येक नव्या विषयावर त्याच चारपाच माणसांना विचारायची वृत्तवाहिन्यांना सवय लागते, आणि मराठीत तर हे विषय मूळ कागद वाचून मांडणारे फारच थोडे.

७ जुलै २०२३ ला ट्रायने ओटीटी सेवांवर, म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या इंटरनेटवरून चालणाऱ्या सेवांवर, पुन्हा एक चर्चापत्र काढलं. २०१५ मध्ये दूरसंचार कंपन्यांची तक्रार होती की व्हॉट्सॲप आमचे एसएमएस खातं. आता म्हणणं होतं की व्हिडिओवाले आमचं जाळं भरून टाकतात, तर त्याच्या खर्चात वाटा उचला. नाका तोच, पावती नवी. अनेक स्टार्टअपच्या संस्थापकांनी ट्रायला विरोधाचं पत्र लिहिलं. एआयबी तेव्हा उरली नव्हती, २०१९ मध्येच तिचा गाशा गुंडाळला गेला होता. मीडियानामाने मात्र प्रश्न क्रमांकानुसार चर्चापत्र सोडवायला घेतलं होतं.